एडिसनहून कोथरूडला : घरसामान परत आणणाऱ्या सेवेविषयी

पंधरा वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहिल्यानंतर २०२४ च्या जूनमध्ये आम्ही कायमचे पुण्याला परत आलो. मुलगी अकरा वर्षांची होती आणि तिचे शालेय वर्ष इथल्या जूनपासूनच सुरू व्हावे असे आम्ही ठरवले होते, त्यामुळे नोकरी, घराचा करार आणि विमानाची तिकिटे यांच्या तारखा आधी पक्क्या झाल्या आणि घरसामानाचा विचार सर्वांत शेवटी झाला. वास्तविक तो सर्वांत आधी व्हायला हवा होता. ज्या कंपनीमार्फत आम्ही सामान आणले तिच्याविषयी, आणि एकूणच अशा सेवेत आपण नेमके कशाचे पैसे देतो त्याविषयी, पुढे सविस्तर लिहीत आहे.

कंपनीचे नाव मी देत नाही. न्यू जर्सीतील ही मध्यम आकाराची कंपनी बांधाबांध करून माल जहाजावर चढवते. पुढे न्हावाशेवा बंदरात तो सोडवण्याचे काम मुंबईतील क्लिअरिंग एजंटकडे सोपवते आणि एजंट खेपेगणिक बदलतो. त्यामुळे माझ्या वाट्याला आलेली माणसे दुसऱ्याच्या वाट्याला येतीलच असे नाही. अशा बहुतेक कंपन्यांची कामाची रचना हीच असल्यामुळे नावापेक्षा कामाचे तपशील वाचकाला अधिक उपयोगी पडतील.

निवड करताना आम्ही चार ठिकाणांहून दर मागवले. त्यांतल्या दोघांनी फोनवर खोल्यांची संख्या विचारून रक्कम सांगितली, तेव्हा त्यांचा विचार आम्ही सोडून दिला. ज्यांना काम दिले त्यांच्या प्रतिनिधी बाईंनी व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटे घर पाहिले, कपाटे उघडायला लावली आणि पुस्तकांच्या फळ्यांची लांबी मोजून घेतली. अमेरिकेतून समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे तेथील फेडरल मेरिटाइम कमिशनचा परवाना असावा लागतो आणि तो क्रमांक कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. आम्ही तो तपासला. पैसे देण्यापूर्वी प्रत्येकाने तपासावा.

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. आमचे सामान तेवढे नव्हते, म्हणून इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमध्ये जागा घेण्याचा पर्याय आम्ही निवडला. अंदाज २८० घनफुटांचा होता आणि दर घनफुटाला ९ डॉलर. प्रत्यक्षात ३१८ घनफूट, म्हणजे सुमारे ९ घनमीटर माल झाला आणि वाहतुकीची रक्कम २,५२० वरून २,८६२ डॉलरवर गेली. ही वाढ मला अन्यायाची वाटत नाही. ऐनवेळी शिवणयंत्र, मुलीचे अभ्यासाचे टेबल आणि सासऱ्यांनी पूर्वी कधीतरी पाठवलेला सागवानी चौरंग आम्हीच वाढवला होता, आणि खोकी ट्रकमध्ये चढवताना त्यांनी मोजमाप आमच्यासमोर केले.

बांधाबांधीचे काम ११ मे २०२४ रोजी झाले आणि त्या कामाला मी पूर्ण गुण देईन. तीन माणसे सकाळी आठला आली आणि संध्याकाळी पाचला घर रिकामे झाले. काचसामानासाठी त्यांनी दुहेरी भिंतीची, पाच घनफुटांहून थोडी मोठी खोकी वापरली. तळाशी चुरगळलेल्या कोऱ्या कागदाचा जाड थर दिला आणि ताटल्या आडव्या न रचता उभ्या लावल्या. उभी ताटली धक्का कडेवर घेते, आडवी ठेवली तर मधोमध फुटते, हे त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क माणसाने माझ्या मुलीला समजावून सांगितले आणि तिच्याकडून दोन ताटल्या बांधूनही घेतल्या. पुस्तकांसाठी दीड घनफुटांचीच खोकी दिली, कारण त्याहून मोठे खोके पुस्तकांनी भरले तर ते एका माणसाला उचलवत नाही आणि तळ सुटतो. पुस्तकांची बावीस खोकी आम्ही स्वतः भरली. त्याचा विम्यावर काय परिणाम होतो ते पुढे येईल.

काय आणायचे नाही, याबाबतही प्रतिनिधी बाईंचा सल्ला अचूक होता. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे मोटर किंवा घड्याळ असलेली कित्येक उपकरणे इथे नीट चालत नाहीत. मिक्सर, भाकरीसाठी घेतलेली विजेची शेगडी आणि पोळ्या गरम करायची भट्टी आम्ही शेजारच्या नव्याने आलेल्या कुटुंबाला देऊन टाकली. मोठा टीव्हीही विकला, कारण सपाट पडद्याचा टीव्ही परतणाऱ्यांच्या सीमाशुल्क सवलतीत तेव्हा बसत नव्हता आणि त्यावर शुल्क भरावे लागले असते.

ही सवलत म्हणजे ‘ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स’. या व्यवसायातले लोक तिला नुसते टी. आर. म्हणतात. आम्ही आलो तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. त्यांनुसार परदेशात सलग दोन वर्षे किंवा अधिक राहून परतणाऱ्या व्यक्तीला वापरलेले घरगुती आणि वैयक्तिक सामान ५ लाख रुपयांच्या किमतीपर्यंत शुल्काविना आणता येत असे. येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत भारतातील छोट्या भेटींचा एकूण काळ सहा महिन्यांहून अधिक नसावा आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी, अशा अटी होत्या. मर्यादेबाहेरील सामानावर ३५ टक्के शुल्क आणि त्यावर अधिभार धरून ३८.५ टक्के भरावे लागत. मर्यादा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून निघताना त्या दिवशी लागू असलेले नियम पाहूनच यादी करावी.

इथे कंपनीने आम्हाला खरी मदत केली. सामान यजमानांच्या नावाने पाठवावे असे आम्ही गृहीत धरले होते. प्रतिनिधी बाईंनी दोघांच्याही पारपत्रांवरील शिक्के मागवले आणि दिवस मोजायला लावले. सासऱ्यांच्या आजारपणात यजमान तीनदा पुण्याला येऊन राहिले होते; त्यांचे दिवस भरले १७१, माझे ३४. सहा महिन्यांच्या मर्यादेत दोघेही होतो, परंतु येण्याची तारीख पुढेमागे झाली असती किंवा आणखी एक फेरी करावी लागली असती तर त्यांचे नाव अडचणीत आले असते. म्हणून सामान माझ्या नावाने निघाले. आजारी वडिलांजवळ घालवलेले दिवस असे बोटांवर मोजताना यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. तो हिशेब घरी बसून, वेळेवर झाला, याबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे.

सामानाच्या प्रवासाच्या वेळेचेही त्या नियमांत बंधन होते. माणूस पोहोचण्याच्या आधी दोन महिन्यांपर्यंत सामान भारतात येऊन पडले तरी चालत असे, आणि मागाहून पाठवायचे असेल तर पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत ते तिकडून निघावे लागे. आमचे जहाज मेअखेर निघाले, आम्ही १६ जूनला पुण्यात आलो आणि सामान १९ जुलैला न्हावाशेव्याला लागले. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेला वळसा घालून येत होती आणि आमचेही त्याच वाटेने आले. हा उशीर होणार हे कंपनीने करार करतानाच सांगितले होते, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिला महिना चार ताटे, दोन पातेली आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गाद्यांवर निभावला.

माझी तक्रार आहे ती यादीबद्दल.

अशा खेपेबरोबर प्रत्येक खोक्याच्या क्रमांकानुसार आतील वस्तू आणि त्यांची किंमत लिहिलेली यादी जाते. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची पावती), विम्याचे कागद आणि कस्टममधील घोषणापत्र या सर्वांचा आधार तीच असते. इतक्या काळजीने ताटल्या बांधणाऱ्या त्या माणसांनी यादी मात्र दिवस संपता संपता, घाईने, ट्रकच्या पायरीवर बसून लिहिली. ६७ खोक्यांपैकी १७ खोक्यांसमोर केवळ ‘घरगुती, किरकोळ’ एवढेच लिहिले होते. आम्ही भरलेल्या पुस्तकांच्या खोक्यांवर ‘मालकाने भरलेले’ असा शेरा होता, आत काय आहे याचा उल्लेख नव्हता. आणि ४१ हा क्रमांक दोन खोक्यांना पडला होता, त्यामुळे यादीत खोकी ६६ आणि प्रत्यक्षात ६७ अशी स्थिती झाली. त्या कागदावर मी सही केली. रिकाम्या घरात मुलगी रडत होती, किल्ल्या सहा वाजेपर्यंत परत करायच्या होत्या, आणि मी वाचले नाही. ती माझी चूक होतीच. परंतु वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या कंपनीला न्हावाशेव्यात ही यादी कोण, कशासाठी वाचणार आहे याची पूर्ण कल्पना असते, आणि म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा मी तिच्याकडेच ठेवते.

कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे सामान जाते तेव्हा त्याच्यासमोर कागदावर ६६ आणि जमिनीवर ६७ खोकी असतील तर त्याने विचारणे रास्तच आहे. एजंटच्या कार्यालयाने आधी यादी दुरुस्त करून मागवली. न्यू जर्सीत तेव्हा रात्र असे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नोत्तराला एक दिवस जाई. मूळ पारपत्र घेऊन मला स्वतः यावे लागेल, हेही मला २४ जुलैला कळले. हे करारासोबतच लिहून दिले असते तर मी तयार राहिले असते. तोपर्यंत सामान बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनच्या, म्हणजे कंटेनरमधून उतरवलेला माल ठेवण्याच्या जागेच्या, शेडमध्ये पडून होते आणि ठरलेली मोफत मुदत संपली की तिथे दिवसागणिक भाडे चढते.

३० आणि ३१ जुलै असे दोन दिवस मी उरणजवळच्या त्या शेडमध्ये काढले. पाऊस अखंड कोसळत होता. एजंटच्या कार्यालयातून आलेला तरुण मूळचा उरणचाच होता आणि या संपूर्ण सेवेत मला भेटलेला तो सर्वांत कुशल माणूस. “ताई, यादी विसरा. कुठल्या खोक्यात काय आहे ते तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं मला सांगा, मी लिहितो,” असे म्हणून त्याने वही उघडली आणि आम्ही दोघांनी ते सतरा ‘किरकोळ’ आठवणीने भरून काढले. कोणत्या खोक्यावर मुलीने फुलाचे चित्र चिकटवले होते, कशावर हिरवी फीत होती, अशा खुणांवरून हळूहळू बरेचसे जुळले. अधिकाऱ्यांनी त्या वहीशी ताडून निवडक खोकी उघडून पाहिली. त्यांचे प्रश्न नेमके आणि बोलणे सौजन्याचे होते. एका खोक्यातून पितळी पुरणयंत्र, सोऱ्या आणि ताम्हण निघाले तेव्हा एका अधिकाऱ्यांनी विचारले, “हे तुम्ही अमेरिकेतून आणताय?” मी म्हणाले, “नाही, हे इथूनच गेलं होतं. परत येतंय.” ते पुरणयंत्र मी २००९ साली जाताना तुळशीबागेतून घेतले होते, आणि एडिसनच्या त्या स्वयंपाकघरात पंधरा होळ्यांचे पुरण त्यातून उतरले होते. शेडमधल्या ओल्या जमिनीवर, कागदात गुंडाळलेले, ते समोर आले तेव्हा आपण खरोखर परत आलो आहोत ही जाणीव मला प्रथम झाली. विमानतळावर तशी झाली नव्हती.

हमालांनी उघडलेली खोकी पुन्हा बांधताना त्या तरुणाने प्रत्येक खोक्यात कागद पुन्हा दाबून भरायला लावला. हे काम त्याच्या कर्तव्यात येत नव्हते आणि त्यासाठी त्याने काही मागितलेही नाही. पुण्यापर्यंत काचेची एकही वस्तू फुटली नाही, याचे अर्धे श्रेय एडिसनच्या त्या वयस्क माणसाचे आणि अर्धे याचे आहे.

खर्चाबाबत मात्र मला कठोरपणे लिहिणे भाग आहे. ‘दारापासून दारापर्यंत’ या शब्दांवर विसंबून आम्ही निश्चिंत होतो. करारातील बारीक अक्षरांत ‘भारतातील बंदराचे आकार प्रत्यक्षानुसार’ असे एक वाक्य होते, आणि त्याचा अर्थ एजंटचे ४६,८०० रुपयांचे देयक आल्यावर उमगला. टर्मिनलचा हाताळणी आकार, डिलिव्हरी ऑर्डरचे (माल ताब्यात देण्याच्या आदेशाचे) पैसे, शेडचे भाडे आणि एजंटचे शुल्क यांच्याबरोबर त्यात ‘इतर’ या नावाखाली ९,५०० रुपये होते. मी प्रत्येक बाबीची पावती लेखी मागितली. ‘इतर’ची पावती कोणालाही देता आली नाही, न्यू जर्सीच्या कार्यालयाने मध्यस्थी केल्यावर ती रक्कम वगळली गेली आणि मी ३७,३०० रुपये भरले. त्यातील शेडभाड्याचा बराचसा भाग सदोष यादीमुळे वाढला होता. तो परत मागितला असता कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, पैसे दिले नाहीत. दर मागवतानाच ‘भारतातील बंदराच्या सर्व आकारांसह रक्कम रुपयांत लिहून द्या’ असे विचारायला हवे. जी कंपनी हे लिहून देते तिचा दर घनफुटामागे एखाद्या डॉलरने अधिक असला तरी ती अंती स्वस्त पडण्याची शक्यता मोठी आहे.

विम्याची बाजू समाधानकारक होती. सामानाची किंमत आम्ही ५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४ लाख १७ हजार रुपये लावली आणि ३ टक्क्यांनी १५० डॉलर हप्ता भरला. विम्याच्या कागदावरील आणि कस्टमच्या घोषणापत्रातील किंमत एकच असावी, हा प्रतिनिधी बाईंचा आग्रह योग्य होता, कारण दोन्ही कागद एकाच फायलीत शेजारी शेजारी लागतात. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यांतील मोडतोड विम्यात येत नाही. संपूर्ण खोके हरवले तरच भरपाई मिळते. म्हणून पुस्तके आणि कपडे स्वतः भरावेत, काच आणि लाकूड त्यांच्याकडून बांधून घ्यावे. मुलीच्या टेबलाचा एक पाय चिरला होता. डिलिव्हरीच्या पावतीवर सही करण्यापूर्वी मी तसा शेरा लिहिला, छायाचित्रे जोडली आणि पाच आठवड्यांत दुरुस्तीचा खर्च मिळाला. शेरा न लिहिता ‘सामान सुस्थितीत मिळाले’ यावर सही झाली असती तर दावा टिकणे कठीण होते.

२ ऑगस्टला सामान कोथरूडला आले. मोठा ट्रक आमच्या गल्लीत येणे शक्य नसल्यामुळे वाटेत दोन टेम्पोंत माल उतरवून घेतला होता, आणि त्या अदलाबदलीत पावसाने चार खोक्यांचे तळ भिजले. पुस्तकांच्या खोक्यांत आम्ही आतून प्लास्टिकची पिशवी घातली होती, म्हणून पुस्तके वाचली. हा सल्ला कंपनीचा नव्हता, दोन वर्षांपूर्वी परतलेल्या एका मैत्रिणीचा होता. जहाजाच्या लांबलचक प्रवासात कंटेनरच्या छताला आतून दव धरते आणि ते खाली ठिबकते, हे तिने अनुभवाने सांगितले होते. पावसाळ्यात पोहोचणाऱ्या सामानासाठी ही सूचना कंपनीनेच द्यायला हवी होती.

एकूण मत विचाराल तर बांधाबांध, नियमांविषयीचा सल्ला आणि विमा यांसाठी मी या कंपनीची शिफारस निःसंकोच करते. यादी आणि बंदराचा खर्च या दोन बाबतींत तिच्यावर विसंबू नये. यादी स्वतः करावी, बांधाबांध होत असताना, खोके बंद होण्यापूर्वी. प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंनी क्रमांक लिहावा, आतील वस्तू नावानिशी नोंदवाव्यात, उघड्या खोक्याचे छायाचित्र काढावे आणि कंपनीची यादी आपल्या यादीशी जुळल्याशिवाय सही करू नये. कामासाठी घरचे एक माणूस दिवसभर मोकळे ठेवले तर हे सहज जमते. मुंबईतील एजंट कोण असेल, त्याच्या कार्यालयातील कोणाशी आपण थेट बोलू शकतो आणि मूळ पारपत्र केव्हा लागेल, हे जहाज सुटण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

दुसरे ४१ क्रमांकाचे खोके आम्ही सर्वांत शेवटी उघडले, कारण शेडमध्ये त्याचा ताळा कशाशीच लागला नव्हता. त्यात मुलीच्या एडिसनमधील रविवारच्या मराठी शाळेच्या वह्या होत्या, पहिल्या वर्षीच्या ‘अ’ ते ‘ज्ञ’ गिरवलेल्या पानांपासून. बांधणाऱ्यांना ती लिपी वाचता येत नव्हती, म्हणून तेही ‘किरकोळ’ ठरले होते. मुलीने त्या वह्या आपल्या टेबलाच्या खणात ठेवल्या आणि टेबलाचा चिरलेला पाय दुरुस्त करायला आलेल्या सुतारकाकांना पहिल्या पानावरचे स्वतःचे नाव वाचून दाखवले.